मास्तरांचा इंडिकेटर

मास्तरांनी अठ्ठावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, आणि ती सगळी वर्षं ते चालवणाऱ्याच्या शेजारी बसून होते. हे जरा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता, वेगळा क्लच होता आणि समोरच्या काचेवर फक्त त्यांच्यासाठी चिकटवलेला एक छोटा आरसा होता. स्टिअरिंग मात्र शिकणाऱ्याच्या हातात. असे हात त्यांनी शेकड्यांनी पाहिले. दुसऱ्या गिअरच्या पुढे जायलाच तयार नसलेला दातांचा डॉक्टर पाहिला, वळण आलं की डोळे मिटून घेणाऱ्या एक शिक्षिका पाहिल्या. गाडी बंद पडली की प्रत्येक जण क्लचला नावं ठेवायचा. नाचता येईना अंगण वाकडं. मास्तर नुसतं हसायचे. शहरातले बाकीचे शिकवणारे घसा फोडून ओरडायचे, यांचा आवाज कधी चढलाच नाही. त्यांचं म्हणणं असं, की आपण बोललो की शिकणारा आपल्या तोंडाकडे बघतो, आणि तो जिकडे बघतो तिकडे गाडी जाते. म्हणून ते बोलायचेच नाहीत. वळण जवळ आलं की बोटाच्या पेरांनी डॅशबोर्डवर दोनदा टकटक करायचे. टकटक म्हणजे आरसा बघ आणि इंडिकेटर दे. चार दिवसांत शिकणाऱ्याला त्याची सवय व्हायची. मास्तरांनी टकटक केली की लगेच इंडिकेटर वाजायला लागायचा. डॅशबोर्डचा तेवढा भाग घासून घासून गुळगुळीत झाला होता.

शेवटच्या धड्याला मात्र ते बोलायचे, आणि ते बोलणं निम्म्या शहराला तोंडपाठ होतं. “गाडीवाल्याने धरून चालायचं की मागून बाइक येतेच आहे. बाइकवाल्याने धरून चालायचं की पुढची गाडी वळणारच आहे. आरसा खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही, म्हणून वळण्याआधी मान वळवून बघा. आणि ठोकलीच, तर आधी स्वतःची चूक शोधा. सोळा आणे चूक एकाचीच आहे असा अपघात मी तरी अजून पाहिला नाही.”

बोलायला काय जातं!

निम्म्या शहराला शिकवलं तरी बायकोला मास्तरांनी गाडी शिकवली नव्हती. म्हणजे सुरुवात केली होती. दुसऱ्या धड्यानंतर घरात चार दिवस अबोला झाला, तेव्हा दोघांनी शहाणपणाने तो नाद सोडला. त्यामुळे रविवारी घरची छोटी गाडी मास्तरच चालवायचे आणि बायको शेजारी बसायची. आठवड्यातून तेवढाच काय तो त्यांचा स्टिअरिंगशी संबंध. आणि तिथे एक गंमत व्हायची. वळण आलं की मास्तर स्वतःच डॅशबोर्डवर टकटक करायचे आणि निवांत वळायला लागायचे. इंडिकेटर कोणी दिलेलाच नसायचा. मग बायको म्हणायची, “टकटक झाली, आता दांडी ओढा.” मास्तर जीभ चावून दांडी ओढायचे आणि दोघंही हसायची. तिने हे बहिणींना सांगितलं होतं, जावयाला सांगितलं होतं. हसण्यावारी नेलेली गोष्ट एक दिवस अंगावर येते, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हतं.

त्या रविवारी दोघं पडद्याचं कापड आणायला निघाली होती. सकाळचे अकरा वाजलेले, ऊन स्वच्छ. रंगाच्या दुकानाशेजारच्या गल्लीत उजवीकडे वळायचं होतं. मास्तरांनी गाडी हळू केली, दोनदा टकटक केली, सवयीने मान वर करून त्यांच्या त्या छोट्या आरशाकडे बघितलं. तो आरसा शिकवणीच्या गाडीत होता, या गाडीत त्या जागी नुसती काच होती. बायको त्या वेळी पर्समध्ये चष्मा शोधत होती. मास्तर वळले.

उजव्या अंगाने आलेली बाइक पुढच्या चाकावर आदळली. आवाज फार मोठा झाला नाही. बाइकवरची बाई बाजूला पडली आणि मागे बांधलेली तिची लोखंडी पेटी तिच्या हातावर पडून उघडली. रस्ताभर सुया, बॉबिन, स्क्रू आणि तेलाची छोटी बाटली.

मास्तर उतरले तेव्हा इंजिन बंद पडलं होतं, चावी तशीच चालू होती, दार उघडं होतं आणि गाडीतून कसलाच आवाज येत नव्हता. त्या शांततेतच त्यांना कळलं. इंडिकेटर चालू असता तर वाजत राहिला असता.

बाई ओळखीची निघाली. शहरात तिला सगळे मशीनताई म्हणत. घरोघरी जाऊन शिलाई मशीन दुरुस्त करायची, पंचवीस वर्षं तोच धंदा. वय पन्नासच्या आसपास, एकटी. रंगाच्या दुकानदाराने तिला उठवून सावलीत बसवलं आणि वर ऐकवलंही, “या बाइकवाल्यांना घाई फार. मास्तरांची गाडी दिसत नाही होय!” गर्दी जमली. गर्दीतल्या निम्म्यांना मास्तरांनीच गाडी शिकवली होती. पंचनामा करायला आलेला पोलीससुद्धा त्यांचाच विद्यार्थी.

“मास्तर, इंडिकेटर दिला होता ना?” त्याने विचारलं. विचारलं कसलं, कागदावर लिहीत लिहीतच विचारलं. उत्तर त्याला ठाऊकच होतं.

“दिला होता,” मास्तर म्हणाले.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. एका क्षणाचं काम. नंतर मास्तरांनी तो क्षण शंभर वेळा काढून बघितला, त्यात विचार असा कुठे सापडला नाही. सापडली ती भीती. इतक्या ओळखीच्या तोंडांसमोर ‘विसरलो’ म्हणायची भीती.

“काकू, तुम्ही शेजारीच होतात. बघितलंत ना?”

बायको मास्तरांकडे न बघता म्हणाली, “हे नेहमी देतात.”

पोलिसाने ते ‘होय’ म्हणून लिहून घेतलं.

घरी आल्यावर तिने पर्स खुर्चीवर ठेवली आणि उभ्यानेच बोलली. “मी खोटं बोलले नाही. नेहमी देता, माझ्या आठवणीने का होईना, हे खरंच आहे. पण तुम्ही मला असं बोलायला लावलंत.”

“तू तरी बोलायचं होतंस. दरवेळी म्हणतेस, दांडी ओढा.”

“म्हणजे आता चूक माझी?”

आपण काय बोलून गेलो ते मास्तरांना ऐकू आलं. ज्या बाईला एक धडा धड शिकवला नाही, तिच्या माथी आपण आपला इंडिकेटर मारतोय. त्यांना स्वतःची किळस आली. पण किळस आली म्हणून माणूस पोलीस चौकीत जातोच असं नाही. मास्तर गेले नाहीत.

खोट्याला पाय नसतात म्हणतात, मास्तरांच्या खोट्याला चाकं होती. आठवड्याभरात ते शहरभर फिरून आलं. जो तो विचारायचा, आणि मास्तरांना प्रत्येकाला तेच सांगावं लागायचं. पुढे तर त्यांनी ते शिकवणीतसुद्धा सांगितलं. एका नव्या शिकणाऱ्याने विचारलं, “मास्तर, इंडिकेटर दिला तरी धडकतात का हो लोक?” आणि मास्तर म्हणाले, “धडकतात की. परवा माझ्यावरच आदळली.” वाक्य पुरं होईपर्यंत त्यांचे कान तापले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण त्यांना लहानपणापासून पाठ होती, तिचा अर्थ आता कळला. त्या दिवसापासून टकटक करायला हात उचलला की तो अडखळायचा. शिकणारे बिचारे वाट बघत बसायचे.

महिन्याने परवाना कार्यालयाची नोटीस आली. सुनावणी पंधरा दिवसांनी. वळणाऱ्या गाडीला गल्लीच्या तोंडाशी ओलांडल्याबद्दल मशीनताईंचा परवाना सहा महिने का रोखू नये, असा विषय होता. मास्तरांनी फक्त हजर राहून जबाब कायम आहे एवढं म्हणायचं होतं.

“सहा महिने,” बायको म्हणाली. “ती पेटी घेऊन ती बाई पायी हिंडणार का? आपण आधी तिला भेटून येऊ.”

“कशाला?”

“कशाला ते तुम्हाला माहीत आहे.”

मशीनताईंची खोली एका छापखान्याच्या मागे होती. आत गेलं की आधी मशीनच मशीन. कुणाचं चाक काढलेलं, कुणाचं डोकं उलटं करून ठेवलेलं, प्रत्येकाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. महिनाभर एकही हललं नव्हतं. मशीनताईंचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताने त्या सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होत्या. मास्तरांना बघून त्या चटकन उभ्या राहिल्या आणि मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

“या, या. मीच येणार होते तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या. “माफी मागायची होती.”

“अहो, माफी कसली?” बायको म्हणाली.

“नाही वहिनी, चूक माझीच. गाडी हळू झाली, मला वाटलं बाजूला थांबताय, म्हणून मी पुढे काढली. मास्तर मात्र नियमाने इंडिकेटर देऊन वळत होते. आणि मला तो दिसलाच नाही.” त्यांनी डाव्या हाताने तीन कपांत चहा ओतला, थोडा सांडला. “तेच मला कळत नाही. लख्ख ऊन, समोर गाडी, पिवळा दिवा लागतोय-विझतोय, आणि मला दिसू नये? सुईच्या नाकावर आयुष्य गेलं माझं. मी डोळे तपासून आले.”

“मग?” मास्तरांनी विचारलं.

“डोळे ठणठणीत आहेत म्हणतो डॉक्टर. म्हणून तर झोप उडाली. डोळे नाहीत, तर मग डोकं.” त्या हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. याच वयात. समोरची वस्तू दिसायची नाही तिला, म्हणजे दिसायची, पण आत पोचायची नाही. मग हळूहळू माणसं. शेवटी मला विचारायची, बाई तुम्ही कोणाच्या? मी कोणाला सांगितलं नाही अजून. मास्तर, तुम्हाला म्हणून सांगते, मी गिऱ्हाइकांना मशीन परत न्या म्हणणार आहे. दुरुस्त करता करता काही विसरले, कोणाच्या बोटात सुई गेली, तर?”

बायको मास्तरांकडे बघत होती. आता बोला, असं त्या बघण्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

मास्तरांनी चहा प्यायला. कप खाली ठेवला. तोंड उघडलं. “होईल सगळं ठीक,” ते म्हणाले.

त्या तीन शब्दांची लाज त्यांना पहिल्या खोट्यापेक्षा जास्त वाटली. पहिलं घाबरून तोंडून निघून गेलं होतं. हे ते चहा पिऊन, विचार करून बोलले होते. एक शहाणी, हाताची पक्की बाई समोर बसून स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास सोडत होती, आणि तिला वाचवायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मास्तरांजवळ होतं, आणि ते त्यांनी दिलं नाही.

बाहेर आल्यावर मास्तरांनी गाडीचं दार उघडलं. बायको बसली नाही. “मी चालत येते,” ती म्हणाली.

“लांब आहे.”

“असू दे.”

मास्तर तिच्या मागून, चालण्याच्या वेगाने, घरापर्यंत गाडी चालवत आले. मागून येणारे हॉर्न वाजवून, शिव्या देऊन पुढे जात होते. प्रत्येक बाइक जवळून गेली की ते अंग चोरून घेत होते. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

पुढचे पंधरा दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. मास्तर रोज ठरवायचे, आज जाऊन सांगू. रोज काहीतरी आडवं यायचं. कधी शिकवणी आडवी यायची, कधी अंगात कणकण. खरं तर मास्तरच स्वतःला आडवे येत होते.

सुनावणीची खोली पहिल्या मजल्यावर होती. टेबलामागे निवृत्तीला आलेल्या साहेब बाई, समोर फायलींचा ढीग, एका फायलीला पाच मिनिटं. डाव्या बाजूला मशीनताई, प्लास्टर निघालेलं, मनगट सुजलेलं. उजवीकडे मास्तर. बायको मागच्या बाकावर.

साहेब बाईंनी भरभर वाचलं. “गाडीचालकाने इंडिकेटर दिला होता. तरी ओलांडायचा प्रयत्न केला. मान्य?”

“मान्य,” मशीनताई म्हणाल्या. “मला दिसला नाही. आणि साहेब, एक सांगायचं होतं. सहा महिने कशाला, परवाना कायमचाच ठेवून घ्या. माझ्या हातून आणखी कोणाला काही झालं तर...”

त्यांनी परवाना काढून टेबलावर ठेवला.

“दिला नव्हता,” मास्तर म्हणाले.

साहेब बाईंनी मान वर केली. “काय?”

“इंडिकेटर. मी दिला नव्हता. आरसाही बघितला नाही. त्यांना दिसला नाही कारण तो नव्हताच.”

मशीनताई हळूच वळल्या आणि मास्तरांकडे बघायला लागल्या. मास्तरांनी टेबलाच्या कडेकडे बघत पुढचं सांगितलं. शिकवणीची सवय सांगितली, टकटक सांगितली, टकटक केली की कोणीतरी इंडिकेटर देतं हे अंगात कसं मुरलंय ते सांगितलं. घरी हे सगळं ओळीने मांडून आणलं होतं, इथे तोंडातून बाहेर पडताना ते अगदीच पोरकट वाटत होतं.

“म्हणजे तुम्ही गाडीला सांगितलंत, आणि गाडीने ऐकलं नाही?” साहेब बाई म्हणाल्या. दारातला शिपाई खुदकन हसला.

“हो,” मास्तर म्हणाले. “तसंच.”

“आणि पोलिसांना खोटं सांगितलंत ते? तीही सवय?”

“नाही. ती भीती. लोक काय म्हणतील याची.”

साहेब बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग त्यांनी बराच वेळ लिहिलं. गल्लीच्या तोंडाशी गाडी ओलांडणं चूक, म्हणून मशीनताईंना लेखी ताकीद, परवाना त्यांच्याकडेच राहील. मास्तरांचा शिकवण्याचा परवाना एक वर्ष बंद. खोट्या जबाबाचं प्रकरण पोलिसांकडे वेगळं जाईल. “आणि हे कार्यालयाच्या फलकावर लागेल,” त्या म्हणाल्या. “सही करा.” मास्तरांनी सही केली. शहरातला प्रत्येक नवा शिकणारा त्या फलकासमोर रांगेत उभा राहतो हे त्यांना ठाऊक होतं.

बाहेरच्या व्हरांड्यात मशीनताई कठड्याला टेकून उभ्या होत्या. मास्तर जवळ गेले.

“दीड महिना, मास्तर,” मशीनताई म्हणाल्या. आवाज शांत होता, त्यामुळे जास्त लागत होता. “दीड महिना मी सकाळी उठल्या उठल्या नातेवाइकांची नावं घोकतेय. आधी भावंडं, मग त्यांची मुलं, मग गेलेली माणसं. एखादं नाव यायला जरा उशीर झाला की हातपाय गार पडायचे. तुम्ही माझ्या घरी चहा प्यायलात. मी आईचं सांगितलं तुम्हाला. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?”

मास्तरांना आठवत होतं. “माझं चुकलं,” ते म्हणाले. “फार चुकलं. माफी मागायलाही मला तोंड नाही.”

“मग मागू नका.” मशीनताईंनी दुखरं मनगट दुसऱ्या हातात धरलं. “एक सांगा. आता खरं सांगा. त्या दिवशी मी पुढे काढली, ते चूक होतं ना?”

मास्तरांना वाटलं, नाही म्हणावं. एवढं तरी तिच्यावरून उतरवावं. पण आता खोटं, मग ते दयेचं का असेना, बोलायची त्यांना लाज वाटली.

“होतं,” ते म्हणाले. “पुढची गाडी हळू झाली की तिच्या मनात काय आहे ते कळेपर्यंत मागेच राहायचं. गल्लीच्या तोंडाशी तर राहायचंच.”

“बरं. मग तेवढं माझं. ते मी ठेवते.” मशीनताईंनी परवाना पिशवीत टाकला आणि पिशवी खांद्याला लावली. “बाकीचं तुमचं. डोळ्याच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या, परत पाठवलेली मशीन, ती सकाळची घोकंपट्टी, सगळं. ते तुम्ही घरी न्या.”

त्या जिना उतरून गेल्या. बायको मागून येऊन शेजारी उभी राहिली होती. मास्तर ते सगळं घेऊन घरी गेले.